वायफाय एक्स्टेंडर लावायचा कुठे?

आजच्या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकायला सवड झाली नाही त्यांच्यासाठी.

सुरुवात घरापासूनच करतो. कोकणातलं आमचं घर जांभ्याचं, भिंती फूटभराहून जाड. राउटर ओटीवर आणि आईची खोली पार मागे, स्वयंपाकघराला लागून. डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल चालू असताना चित्र अडकायचं, आणि गोळी सकाळची की रात्रीची, नेमकं तेवढंच ऐकू यायचं नाही. म्हणून मी एक्स्टेंडर आणला आणि थेट तिच्या खोलीत लावला. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या फुल्ल! कॉल मात्र तसाच अडकत राहिला.

चुकलं कुठे? त्यासाठी हा डबा नेमकं काय करतो ते बघू.

एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. राउटरच्या दृष्टीने तो तुमच्या फोनसारखाच एक जोडलेला ग्राहक. तोच पासवर्ड देऊन किंवा डब्ल्यूपीएसचं बटण दाबून तो राउटरला जोडायचा. मग राउटरकडून जे मिळतं तेच तो स्वतःच्या वायफायवरून पुढे पाठवतो. म्हणजे त्यालाच तुटक ऐकू आलं, तर तो पुढेही तुटकच सांगणार.

आता त्या दांड्यांची गंमत. फोनवर दिसते ती फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातली रेंज. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातला दुवा कच्चा असेल, तर दांड्यांवरून ते कळत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. म्हणून एक्स्टेंडर रेंज नसलेल्या खोलीत नाही, तर वाटेत लावायचा, जिथे राउटरची रेंज अजून चांगली येते. जागा ठरवताना फोन राउटरच्याच वायफायला जोडा आणि तिथे उभं राहून व्हिडिओ लावून बघा. तो न अडकता चालला, की जागा ठीक. आम्ही डबा माजघरात हलवला. दुसरं काहीच बदललं नाही, पण कॉल नीट लागला.

वेगाचं काय? साध्या एक्स्टेंडरमध्ये प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते: राउटरकडून एक्स्टेंडरकडे, तिथून फोनकडे. दोन्ही एकाच बँडवर असेल तर पाळीपाळीने बोलावं लागतं आणि वेग साधारण निम्मा होतो. ड्युअल बँड एक्स्टेंडर एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतो, म्हणून नुकसान कमी. पण लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी जाड भिंतीत लवकर दमतो, २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतो. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे निम्मा वेगही चालून जातो.

नाव काय द्यायचं? राउटरचंच नाव ठेवलं तर फोन स्वतः ठरवतो कुठे जोडायचं, आणि बरेचदा लांबच्या राउटरलाच चिकटून बसतो. वेगळं नाव दिलं तर निवड आपल्या हातात. आईचा फोन फारसा खोलीबाहेर जात नाही, म्हणून मी वेगळंच नाव दिलं. नाव वेगळं असलं तरी नेटवर्क सहसा एकच राहतं. पत्ते मूळ राउटरच वाटतो, त्यामुळे ओटीवरचा प्रिंटर मागच्या खोलीतूनही चालतो.

खरेदीआधी दोन गोष्टी कराच. एक, राउटरच्या शेजारी उभं राहून वेग तपासा. तिथेच रडारड असेल तर दोष कनेक्शनचा आहे, एक्स्टेंडरवर पैसे घालवू नका. दोन, मागच्या खोलीपर्यंत लॅनची केबल नेता येते का बघा. बऱ्याच एक्स्टेंडरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो. केबल जोडली की हवेतला पहिला टप्पाच वाचतो, आणि मग डबा अगदी आईच्या खोलीत लावला तरी हरकत नाही.

तुमच्या घरात राउटर कुठे आहे आणि रेंज कुठे संपते, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!