संत तायलोचे चर्च : एक मागोवा

दक्षिण वेल्समधील पोंटार्डिलस गावाजवळ, लुखर नदीच्या काठच्या पाणथळ भूमीत, सहाव्या शतकातील संत तायलो याच्या नावाचे एक छोटे चर्च बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास उभे राहिले आणि पुढे पंधराव्या शतकापर्यंत, गरजेनुसार नवनवे भाग जोडले जाऊन, वाढत गेले. उंच मनोऱ्याचा डौल त्याला कधीच लाभला नाही. त्याचे सारे ऐश्वर्य आतल्या भिंतींवर होते. उपासनेची लॅटिन भाषा ज्यांना अगम्य होती, त्या निरक्षर शेतकऱ्यांपुढे बालख्रिस्ताला खांद्यावर वाहणारा संत क्रिस्टोफर आणि ख्रिस्ताची विटंबना करणारे शिपाई ठसठशीत रंगांत साकारले होते.

सोळाव्या शतकाच्या मध्यास धर्मसुधारणेचा अंमल बसला, राजा सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत प्रतिमा हटविण्याची फर्माने सुटली, आणि या चित्रांवर चुन्याचे हात फिरले. ज्या चुन्याने ती लोकांच्या दृष्टीआड केली, त्यानेच ती शतकानुशतके जपली, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावात नवे चर्च झाल्यावर नदीकाठच्या या जुन्या वास्तूतील वर्दळ ओसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ती पूर्णपणे ओस पडली, छपराच्या पाटीच्या दगडांची चोरी झाली, पाऊस आत शिरला, आणि चुना सुटून चित्रे पुन्हा दिसू लागली. तेव्हा कार्डिफजवळील सेंट फॅगन्स येथील संग्रहालयाने अख्खी इमारत उतरवून आपल्या आवारात पुन्हा बांधण्याचे काम अंगावर घेतले. सुमारे वीस वर्षे चाललेल्या या खटाटोपात साल 1530 च्या आसपासचे रूप प्रमाण मानून ओकचे कोरीव क्रूसपट (वेदीपुढील, क्रूस मिरवणारा लाकडी आडपडदा) घडविण्यात आले व भिंती नव्याने रंगविण्यात आल्या. 2007 मध्ये कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप, स्वतः वेल्श असलेले रोवन विल्यम्स, यांच्या हस्ते वास्तू खुली झाली.

एकच काळ निवडल्याने पुढील शतकांचा वृत्तान्त पुसला जातो, हा आक्षेप रास्त आहे, आणि नदीकाठाशी असलेले नाते तुटल्याची हळहळ मलाही वाटते. तथापि मूळ चित्रांचे अवशेष संग्रहालयाने स्वतंत्रपणे जतन केले असल्याने हा निर्णय मला योग्यच वाटतो. कार्डिफला जाणाऱ्या वाचकाने हे चर्च अवश्य पाहावे. संग्रहालयात प्रवेशासाठी शुल्क नाही.