पन्नास अधिक पन्नास बरोबर पंच्याहत्तर

अमेरिकेच्या माजी सैनिकांना दरमहा मिळणाऱ्या अपंगत्व-भरपाईमागचं गणित थक्क करणारं आहे. सेवेत झालेल्या एका दुखापतीला ५० टक्के, दुसरीलाही ५० टक्के. एकूण शंभर? नाही, ७५!

कारण हिशेब होतो तो उरलेल्या कार्यक्षमतेचा. पहिल्या दुखापतीनं निम्मी क्षमता गेली, की दुसरी दुखापत उरलेल्या निम्म्याचाच अर्धा भाग घेते. दुकानात सवलतीच्या किमतीवर पुन्हा सवलत मिळते ना, अगदी तसं. मग हा आकडा जवळच्या दहाच्या पटीत बसवतात. ७५चे ८० होतात.

हे गणित शिखराजवळ फारच कठोर होतं. हिशेब नेमका ९०वर असताना १० टक्क्यांची नवी व्याधी जोडली, तर होतात ९१ आणि हाती राहतात पुन्हा ९०च. शंभर मिळवायला किमान ९५ हवेत, म्हणजे नवी व्याधी ५० टक्क्यांची हवी! या एका पायरीचं मोलही तेवढंच मोठं. २०२५च्या दरांनुसार कुटुंबात अवलंबून कुणी नसलेल्या सैनिकाला ९० टक्क्यांना महिना सुमारे २,२९८ डॉलर मिळत होते, तर १०० टक्क्यांना ३,८३१.

म्हणूनच वाढ मागताना आधी दाव्यावरचं निर्णयपत्र नीट वाचायचं आणि उणीव कुठे राहिली ते शोधायचं. निर्णयानंतर दुखणं बळावलं असेल, तर वाढीचा नवा दावा. पुरावा अपुरा पडला असेल, तर नव्या, संबंधित पुराव्यासह पूरक दावा. पुरावा पुरेसा होता पण त्याचा अर्थ चुकीचा लावला असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. तिथे नवा कागद चालत नाही. किंवा थेट अपील मंडळाच्या न्यायाधीशांपुढे दाद. पूरक दावा, फेरतपासणी आणि अपील ही दाद मागण्याची त्रिवेणी १९ फेब्रुवारी २०१९पासून लागू आहे. निर्णयपत्रानंतर वर्षाच्या आत पाऊल उचललं, तर मूळ तारीख टिकते आणि यश आल्यास थकबाकी तेव्हापासून मिळते.

आणखी एक वाट बहुतेकांना माहीत नसते. सेवेतल्या व्याधींमुळे स्थिर, पोटापुरती नोकरी करणंच अशक्य झालं असेल, तर १०० टक्के नसतानाही शंभराच्या दरानं भरपाई मिळू शकते. त्यासाठी साधारणपणे एक व्याधी ६० टक्क्यांची हवी, किंवा एकूण ७० आणि त्यात एक तरी ४०ची. सेवेत दुखावलेल्या गुडघ्यामुळे पुढे कंबर बिघडली, तर तीही दाव्यात बसते. आणि सगळ्यात सुंदर तरतूद ही: दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असं कायदाच सांगतो.

एक सावधगिरी मात्र हवी. फाइल पुन्हा उघडली की टक्केवारी कमीही होऊ शकते. सलग २० वर्षं टिकलेली टक्केवारी तेवढी फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय खाली आणता येत नाही.

तुमच्या ओळखीत अमेरिकेचा कुणी माजी सैनिक असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा: अर्ज भरण्याआधी मान्यताप्राप्त सैनिक-संघटनेच्या प्रतिनिधीला भेट. दाव्यासाठीची ती मदत विनामूल्य असते.