वेळापत्रकाचा हट्ट

११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायेन विमानतळावरून ‘सेस्ना १७७ बी’ जातीच्या एका छोट्या विमानाने वादळी पावसात उड्डाण केले आणि लगेचच ते जवळच्या वस्तीत कोसळले. विमानात जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची शिकाऊ मुलगी, तिचे वडील आणि उड्डाणशिक्षक होते. तिघांचाही अंत झाला.

आदल्याच दिवशी कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून हा प्रवास सुरू झाला होता. आठ दिवसांत अमेरिका ओलांडून परतायचे आणि सर्वांत लहान वैमानिक म्हणून मुलीने नाव मिळवायचे, असा बेत होता. वास्तविक, गिनीज बुकाने धोका ओळखून असे विक्रम नोंदवणे सात वर्षांपूर्वीच बंद केले होते. तरीही मुलाखती आणि स्वागतसमारंभ ठरलेले होते. वेळापत्रकात विश्रांतीला वा हवामान निवळण्याची वाट पाहण्याला फारसा वाव नव्हता.

मुलीच्या हातून चूक झाली असावी, असे प्रथम कोणासही वाटेल. मात्र अपघाताच्या वेळी विमान शिक्षकच चालवीत होते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. कायद्याच्या दृष्टीने ती मुलगी केवळ प्रवासी होती.

शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६,१५० फूट उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि पंखांना उचल मिळण्यासाठी अधिक वेग लागतो. त्यातच विमानात मर्यादेहून सुमारे ४४ किलो अधिक भार होता. सोबत पाऊस व सोसाट्याचा वारा होता. वेग अपुरा पडला, पंखांची उचल संपली आणि विमान खाली आले. बिघडत्या हवामानात उड्डाण करण्याचा निर्णय हेच मूळ कारण, असे मंडळाने नमूद केले. अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा आणि प्रसारमाध्यमांना दिलेली आश्वासने यांचाही त्यात वाटा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला. परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती विक्रमासाठी विमानाची सूत्रे देण्यास त्याने मनाई केली. भारतातही शिकाऊ वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान सोळा वर्षे वय लागते.

वयाची अट कायदा घालू शकतो. ठरलेला बेत पुढे ढकलण्याचा विवेक मात्र वडीलधाऱ्यांनीच दाखवावा लागतो. आज व्यापारी घराण्यांतील मुलेमुलीही वैमानिक होण्याची आकांक्षा बाळगतात. त्यांना प्रोत्साहन अवश्य द्यावे. परंतु एखाद्या दिवशी ‘आज हवा ठीक नव्हती, म्हणून उड्डाण केले नाही’ असे मुलाने घरी सांगितले, तर फुकट गेलेल्या दिवसाचा वा शुल्काचा हिशेब त्याच्यापुढे मांडू नये. त्याने योग्य तेच केले, असे आईवडिलांनी त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.