आधी विचारा, मग पोतं उघडा

डिसेंबर लागला की तुमच्या मोबाईलवर ते फोटो यायला लागतात. ब्लँकेट वाटप. मधोमध एक आजी, आणि एकाच ब्लँकेटला हात लावून उभे सात जण. कधी चर्चचे, कधी मंडळाचे, कधी कुण्या भाऊच्या वाढदिवसाचे. थंडीत ब्लँकेट लागतंच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तीच आजी पुढच्या डिसेंबरात परत रांगेत काहून उभी असते, हे कुणी तिला विचारलं का?

चर्चच्या कामातूनच पुढे आलेल्या दोन डॉक्टरांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं हे जोडपं 1960च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होतं. पेशंट यायचे, बरे व्हायचे, घरी जायचे आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत यायचे. यातले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते. घाण पाणी, उपास, अडलेलं बाळंतपण. हॉस्पिटल कितीही चांगलं चालवलं तरी रांग कमी होणार नव्हती.

मग त्यांनी अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. सुरुवात कुठं केली, तर जनावरांच्या जुन्या दवाखान्यात! बाहेरच्या चर्च संस्थांनी पाठबळ दिलं. दिवस दुष्काळाचे होते. लोकांना विचारलं तर ते म्हणाले, औषध नंतर, आधी खायला आणि प्यायला पाहिजे. दोघंही डॉक्टर. त्यांनी ‘आम्ही फक्त औषधच देतो’ असं म्हटलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी सामुदायिक स्वयंपाक आणि बोअरवेल आधी हाती घेतले.

आता खरी गंमत बघा. हातपंप कुठं बसवायचा? गावात पाणी आलं की ते पाटलाच्या वाड्यासमोर येतं, हे तुम्हाला सांगायला नको. जामखेडच्या परिसरात पंप दलित वस्तीत बसवले गेले. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी आटल्या की वरच्या जातीच्या बायकांनाही घागर घेऊन तिथंच यावं लागायचं. कुणी भाषण दिलं नाही, मोर्चा काढला नाही. जागा नीट निवडली, एवढंच.

गावोगावी नर्स ठेवायचा बेत काही जमला नाही. बाहेरून आलेली एकटी मुलगी खेड्यात टिकायची नाही. मग गावानंच निवडलेल्या बायांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, सगळ्या जातींच्या एका पंगतीत जेवायच्या. परत गेल्यावर बाळाचं वजन करायचं, बाळंतपण करायचं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. 1971 मध्ये त्या भागात हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काळात हा आकडा झपाट्यानं खाली आला आणि जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत या कामाची चर्चा गेली. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण पैशाचं आहे. वसईत 1918 साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी सहकारी पतसंस्था काढली. सावकाराच्या हाताखाली पिचणाऱ्या शेतकऱ्यांची थोडी थोडी बचत एकत्र करायची आणि त्यातूनच त्यांना कर्ज द्यायचं. तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. ज्यांच्या घरी दर आठवड्याला फायनान्स कंपनीचा वसुलीवाला येऊन बसतो, त्यांना याचं मोल वेगळं समजवायची गरज नाही.

‘पण हे सगळं धर्मांतरासाठीच असते ना भाऊ?’ तुमच्यातलं कुणीतरी हे म्हणणारच. विचारायलाच पाहिजे. आपल्या वऱ्हाडातही 1899-1900 च्या दुष्काळात अकोला-खामगावला मिशनऱ्यांची अनाथालयं होती आणि तिथं आलेली मुलं त्याच धर्मात वाढली. त्यांचा जीव वाचला, हेही खरं. दुसरीकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे. घरच्यांनीच बाहेर काढलेल्या कुष्ठरोग्याला तिथं आसरा मिळाला. माझ्या मते कसोटी साधी आहे: मदत घेणाऱ्याला बदल्यात काय द्यावं लागतं? हातपंप दाबताना कुणी धर्म विचारत नसेल तर ती मदत. प्रार्थनेला बसल्याशिवाय धान्य मिळत नसेल तर तो व्यवहार. ही कसोटी चर्चला लावा तशीच मंदिराच्या ट्रस्टला आणि दर्ग्याच्या कमिटीलाही लावा.

आता तुमचं काम. पातूरहून अकोल्याला अपडाऊन करणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाला ऑनलाइन फॉर्म भरता येतो. स्कॉलरशिपसाठी महाडीबीटीशी तुम्ही रात्र रात्र भांडलेले आहात. मग ऐका. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला 1500 रुपये मिळतात, 65 च्या वरच्यांना श्रावणबाळमधून. म्हणजे वर्षाचे 18 हजार. एका ब्लँकेटची किंमत किती, तुम्हीच हिशोब करा. हे पैसे सरकारकडे आहेत, अडतं ते कागदात. उत्पन्नाचा दाखला नाही, वयाचा पुरावा नाही, तहसीलला चकरा मारायला एसटीचं भाडं नाही आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

चर्चकडे काय असतं? एक हॉल, खुर्च्या, आठवड्यातून एकदा हमखास जमणारी माणसं आणि एक युवक मंडळ. रविवारच्या उपासनेनंतर दोन तास एक टेबल लावायला एवढं पुरे आहे. तुमचे मित्र अशा मंडळात असतील तर त्यांना सांगा. पातुरात तेच टेबल रेणुकामातेच्या मंदिराजवळ लागलं किंवा शाहबाबूंच्या दर्ग्याजवळ लागलं तरी काही बिघडत नाही. मात्र ते टेबल मेन रोडवर बॅनरखाली मांडू नका. ज्या वस्तीतून कुणी तहसीलपर्यंत पोचत नाही, त्या वस्तीत मांडा. आणि फोटो नको.

पहिल्या रविवारी बहुतेक कुणी येणार नाही. दुसऱ्या रविवारी कुणीतरी विचारायला येईल की पैसे किती घेता. तिसऱ्या रविवारी आजी येईल. तिच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकलेलं असेल आणि लिंक केलेला मोबाईल नंबर मुंबईला गेलेल्या मुलाचा असेल. त्या दिवशी फॉर्म भरला जाणार नाही. आधी मुलाला फोन लावावा लागेल.