बागेची किल्ली कोणाच्या हाती?

बागेतला कचरा पहाटे कोण झाडतो, हे आपल्या वस्तीला सांगावे लागत नाही. पण बाग कोठे व्हावी, तिच्यावर पैसा किती खर्चावा, तिचे दार कोणासाठी उघडावे, हे कोण ठरवतो? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज आम्हाला तो विचारायचा आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांना तो रक्त सांडून विचारावा लागला. १९१९ साली शिकागोच्या किनाऱ्यावर युजीन विल्यम्स हा काळा मुलगा तराफ्यावर तरंगत 'गोऱ्यांच्या' पाण्याकडे गेला. त्याच्यावर दगड आले आणि तो बुडून मेला. मग उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे गेली. पाण्यात रेघ कोणी ओढली होती? माणसांनीच!

महाड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. हक्क कागदावर होता. तो अमलात आणण्याची धमक कारभाऱ्यांत नव्हती.

मेंफिस शहरानेही बागा आणि मैदाने काळ्यांना खुली करण्यासाठी 'हळूहळू' अशी सवलत मागितली. १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. पण न्यायालय दार उघडते, कारभार चालवीत नाही. त्यासाठी खुर्ची लागते.

ती मिळायला किती काळ लागला पाहा. १९०३ साली कॅप्टन चार्ल्स यंग या काळ्या अधिकाऱ्याकडे सिक्वोया राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आला, तोही एका उन्हाळ्यापुरता. १९६२ साली रॉबर्ट स्टँटन हा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातला तरुण ग्रँड टेटन उद्यानात हंगामी रेंजर झाला. मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी अशा महाविद्यालयांतून मुद्दाम भरती चालवली होती. पायरी पायरीने चढत तोच स्टँटन १९९७ साली देशाच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा पहिला काळा संचालक झाला. एका माणसाची ३५ वर्षे! आणि मुद्दाम उघडलेल्या दाराखेरीज ती चढण सुरूच झाली नसती. राखीव जागांना नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे संविधानाच्या १५व्या कलमाने तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागांवरचा भेदभाव मोडला. ७४व्या घटनादुरुस्तीने बागा व मैदाने ही नगरपालिकांची कामे म्हणून बाराव्या परिशिष्टात घातली. म्हणजे निर्णय पालिकेतच होतो. मग तिथे आपला माणूस केवळ खुरपे घेऊन का असावा?

बाबासाहेब शिकलेल्यांना मोक्याच्या जागा घ्यायला सांगत. आपली मुले कलेक्टर व्हावीत हे खरेच. पण दापोली, राहुरी, अकोला, परभणीच्या कृषी विद्यापीठांकडेही त्यांनी वळावे. उद्यानविद्येची पदवी घ्यावी, पालिकेच्या जाहिराती वाचाव्यात, उद्यान अधीक्षकाच्या खुर्चीवर हक्क सांगावा. ज्यांच्या घरी माळीकाम आहे, त्यांना माती कोणी शिकवायला नको.

मात्र खुर्चीवर बसल्यावर वस्ती विसरणारा साहेब आम्हाला नको. वस्तीतल्या पोरांना खेळायला मैदान आणि म्हाताऱ्यांना टेकायला बाक मिळाला, तरच त्या खुर्चीचे सोने झाले असे आम्ही म्हणू.