यांत्रिक बैलाची वैरण

ज्यूल व्हर्नची 1880 सालची एक कादंबरी औरंगाबादेत सुरू होते. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम जाहीर झाले आहे आणि त्याची नोटीस शहरात लागली आहे. पण वाचकाच्या लक्षात राहतो तो पुढे येणारा पोलादी हत्ती. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, मागे चाकांवरची दोन घरे, आणि त्या घरांत बसून युरोपीय प्रवासी कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थान पालथा घालतात. वाटेत एका राजाच्या तीन जिवंत हत्तींना हा यंत्रहत्ती ओढाताणीत हरवतो. विज्ञानकथेने तेव्हापासून शोधप्रवाशांच्या हाती असेच जनावर दिले आहे: न थकणारे, न बुजणारे, खायला न मागणारे. यातले ‘खायला न मागणारे’ हे शेवटचे वर्णन खोटे आहे, आणि ओझ्याच्या जनावराचे सगळे गणित तिथेच अडते. बिदर-कलबुर्गीच्या मुलखाने हे गणित काही शतके प्रत्यक्ष मांडून सोडवले होते. व्हर्नच्या काळी औरंगाबादेप्रमाणे हा मुलूखही निजामाच्याच राज्यात होता.

1470 च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, त्यांच्यावरच लोक बसतात आणि मालही लादतात, अशी नोंद त्याने केली आहे. आळंदला शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा भरणाऱ्या बाजारात 20,000 घोडे विक्रीला येतात, असेही तो लिहितो. आकडा फुगवलेला असेल, पण समुद्रापलीकडून आलेल्या घोड्याला दाणा हातानेच चारावा लागे, हे उघड आहे. म्हणून घोडा सरदाराचा आणि धान्य बैलाचे, अशी विभागणी झाली. लमाणांचा बैल पाठीच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची गोण घेऊन चाले. मुक्कामाला गोणी उतरवून त्यांची थप्पी लावायची आणि बैल माळावर सोडायचे. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत 14,000 बैलांचा तांडा भेटला, आणि तो दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नव्हता. ही चाल आळसाची नव्हे. जनावराला चरायला वेळ द्यायचा, म्हणजे त्याची वैरण वाहून न्यावी लागत नाही आणि सगळी पाठ मालासाठी मोकळी राहते. 1803 च्या दख्खन मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली अशाच तांड्यांच्या भरवशावर होता.

आता आजची यंत्रे पाहा. बोस्टन डायनॅमिक्सचा ‘बिगडॉग’ 2005 मध्ये आला. माणूस त्याला बाजूने लाथ मारतो, तो बर्फावर घसरतो, चारही पाय वेडेवाकडे टाकत स्वतःला सावरतो आणि पुढे चालू लागतो. ती चित्रफीत पाहताना अंगावर काटा येतो, इतके ते जिवंत वाटते. त्याची मोठी आवृत्ती सुमारे 180 किलो ओझे घेऊन 32 किलोमीटर चालावी, असा बेत होता. पण तिच्या इंजिनाच्या आवाजाने सैनिकांचा ठावठिकाणा उघड होई, म्हणून 2015 मध्ये अमेरिकी मरीन दलाने तिला बाजूला ठेवले. पुण्यात 15 जानेवारी 2025 रोजी सेनादिनाच्या संचलनात आपल्या लष्कराचे चार पायांचे ‘म्यूल’ चालले. ते बॅटरीवर चालत असल्याने तसा गोंगाट करत नाहीत, पण ओझे दहा-पंधरा किलोचेच नेतात. दोन्ही यंत्रांत पायांचा प्रश्न सुटलेला आहे. अडचण पोटाची आहे.

यावर आक्षेप असा की बॅटऱ्या सुधारतील. सुधारतीलच. पण निर्जन मुलखात बॅटरी भरायला जनरेटर लागतो, जनरेटरला डिझेल लागते, आणि ते डिझेल कोणाच्या तरी पाठीवर यावे लागते. रेल्वेने तांड्याचा धंदा बुडवला हे खरे. 1871 मध्ये गुलबर्ग्यावरून (म्हणजे आजच्या कलबुर्गीवरून) रायचूरपर्यंत आणि 1874 मध्ये वाडीहून हैदराबादपर्यंत गाडी धावू लागली. पण रेल्वेने आधी कोळसा आणि पाण्याच्या टाक्या वाटेवर मांडल्या, मग इंजिन सोडले. शोधप्रवासी जिथे जातो तिथे अशी मांडामांड आधीपासून कोण करणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाऊस गेला की गवतही जाते, आणि 1876-78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये जनावरे पटापट मेली. शिवाय बैलाच्या पाठीवर पडणारे व्रण, दरीत कोसळणारी खेचरे, हे दुःख यंत्राला नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. जिथे गवत नाही, जिथे सुरुंग पेरले आहेत, तिथे जिवंत जनावर पाठवणे क्रूरपणाच ठरेल. मंगळावरचा पुरावा मात्र पुन्हा वैरणीकडेच बोट दाखवतो. सौरऊर्जेवर चालणारा ‘ऑपर्च्युनिटी’ रोव्हर 2018 च्या धुळीच्या वादळात उपाशी पडून कायमचा गप्प झाला. 2021 मध्ये उतरलेला ‘पर्सिव्हिअरन्स’ प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतो, म्हणजे अनेक वर्षांची शिदोरी पाठीला बांधूनच तो गेला आहे.

म्हणून मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या तरुणांना एक सांगणे आहे. अनोळखी ग्रहावर यांत्रिक बैल नेणार असाल, तर तो काय खातो, ते खाणे कुठून येते आणि तो थांबतो कुठे, हे आधी ठरवा. पाय किती आणि डोळे कसले, ते मागाहून. कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांत लमाण तांडे आजही आहेत. वाडवडिलांच्या मुक्कामाच्या जागा आणि त्या का निवडल्या, हे सांगणारी म्हातारी माणसे तिथे भेटतात तोवर जाऊन विचारा.