मेल्यानंतरची वेठ

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. भुताखेतांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच की, जगातले एक प्रसिद्ध भूत उसाच्या मळ्यात राबणारे आहे.

ते कॅरिबियन समुद्रातील हैती देशाचे. त्याचे नाव झॉम्बी. आपल्याकडचा मुंजा माणसाला झपाटतो, वाट अडवतो, निदान नारळ तरी मागतो. झॉम्बी काहीच मागत नाही. बोकोर, म्हणजे तिथला मांत्रिक, पुरलेले प्रेत उठवतो आणि आत्मा काढून घेतलेला तो देह शेतावर जुंपतो. हैतीचा शेतकरी या झॉम्बीला फारसा भीत नाही. त्याला भीती असते ती आपण स्वतः झॉम्बी होण्याची. म्हणून घरचे माणूस पुरल्यावर नातलग थडग्याची राखण करीत.

ही भीती आली कोठून? फ्रेंचांच्या ताब्यात असताना या भूमीवर १७९१ च्या सुमारास जवळजवळ पाच लाख गुलाम होते. त्यांतले बहुतेक आफ्रिकेत जन्मलेले. हंगामात उसाचे घाणे रात्रीही चालत. मेल्यावर आपण पूर्वजांच्या गिनी देशी परत जाऊ, एवढी एकच आशा त्यांना होती. मरण ही त्यांची एकुलती एक रजा. झॉम्बीच्या कल्पनेत ती रजाही नामंजूर होते!

१७९१ मध्ये गुलामांनी बंड केले आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पण १९१५ मध्ये अमेरिकन फौजा तेथे उतरल्या, त्या १९३४ पर्यंत राहिल्या. एक जुना कायदा उकरून काढून त्यांनी खेडुतांना रस्त्यांच्या कामावर वेठीला धरले. सीब्रुक नावाच्या अमेरिकन प्रवाशाचे पुस्तक निघाले ते याच काळात, १९२९ मध्ये. गृहस्थ तिखटमीठ लावणारा; तरी त्याने ऐकलेली एक कथा आम्हांला मोलाची वाटते. एक मुकादम झॉम्बींची टोळी साखर कंपनीच्या उसावर नेतो आणि सर्वांची मजुरी स्वतःच्या खिशात घालतो. झॉम्बीला अळणीच खाऊ घालायचे, असा दंडक असतो. मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते, ती त्यांना खाऊ घेऊन देते. त्यात मीठ असते. मीठ जिभेला लागताच आपण मेलेलो आहोत हे त्यांना उमगते. कोणाचेही न ऐकता ते गावाकडे चालू लागतात आणि हातांनी आपापली थडगी उकरतात.

१९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’ या अमेरिकन चित्रपटात साखरेचा घाणा अजून दिसतो. एक झॉम्बी त्यात पडतो, बाकीचे ओढीतच राहतात. पुढे १९६८ मध्ये रोमेरो या दिग्दर्शकाने माणसे खाणारी प्रेते पडद्यावर आणली. त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्दही नाही, पण लोकांनी तेच नाव त्यांना दिले. तेव्हापासून जगभर झॉम्बी म्हणजे नरभक्षक. ऊस गेला, मुकादम गेला आणि मीठही गेले.